विल्यम्स की डिमॅजिओ? आकडे मांडताना या चुका टाळा

अमेरिकन बेसबॉलमधले दोन दिग्गज फलंदाज: बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचे ५२१ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणं, क्रिकेटच्या षटकारासारखं), न्यूयॉर्क यँकीजच्या जो डिमॅजिओचे ३६१. बहुतेकांची तुलना इथेच संपते. पण विल्यम्स २,२९२ सामने खेळला आणि डिमॅजिओ १,७३६. दर १०० सामन्यांमागे हिशेब केला तर २२.७ आणि २०.८, म्हणजे अंतर किरकोळ. दोघांचीही १९४३ ते १९४५ ही तीन वर्षं महायुद्धात गेली. विल्यम्सचे १९५२ आणि १९५३ चे बहुतेक सामने कोरियन युद्धामुळे हुकले. म्हणून दोघंही खेळले ते दहा हंगाम (१९३९ ते १९४२, १९४६ ते १९५१) घेऊन वेगळा तक्ता करावा.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे हंगामांच्या सरासऱ्यांची सरासरी काढणं. १९५२ मध्ये विल्यम्सने १० ॲट-बॅटमध्ये (सरासरीत मोजल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्या) ४ हिट (चेंडू मारून सुखरूप बेसवर, म्हणजे धाव घेतानाच्या टप्प्यावर, पोहोचणं) मारले, सरासरी .४००. या १० ॲट-बॅटना १९४१ च्या ४५६ इतकंच वजन मिळालं की उत्तर फुगलंच म्हणून समजा. सगळे हिट आणि सगळे ॲट-बॅट आधी वेगवेगळे बेरजेत घ्या, मग भागाकार करा. २,६५४ भागिले ७,७०६ म्हणजे .३४४. डिमॅजिओचे २,२१४ भागिले ६,८२१ म्हणजे .३२५.

क्रिकेटची सवयही इथे नडते. बेसबॉलची सरासरी म्हणजे दर ॲट-बॅटमागे हिट. किती वेळा बाद झाला याने ती भागत नाहीत. आणि वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला तर तो ॲट-बॅट धरतच नाहीत, त्यामुळे बेसवर पोहोचूनही सरासरी जागची हलत नाही. १९४१ घ्या. विल्यम्स .४०६, डिमॅजिओ .३५७, फरक ४९ पॉइंटांचा (एक पॉइंट म्हणजे .००१). पण विल्यम्सला १४७ वॉक मिळाले, डिमॅजिओला ७६. ऑन-बेस टक्केवारी (वॉक धरून किती वेळा बेसवर पोहोचला) काढली की .५५३ आणि .४४०. खरी दरी इथे दिसते, आणि डिमॅजिओची सलग ५६ सामन्यांत हिट मारण्याची मालिका याच हंगामातली असूनही ती बुजत नाही.

आरबीआयवर (फलंदाजाच्या फटक्यामुळे संघाला मिळालेल्या धावा) भिस्त ठेवू नका. दर सामन्यामागे डिमॅजिओ .८९, विल्यम्स .८०. पण आपल्या आधीचे फलंदाज बेसवर असले तरच आरबीआय वाढतात, म्हणजे त्यात संघाचा वाटा मोठा.

मैदान विसरणं तर सर्रास चालतं. यँकी स्टेडियम हे डिमॅजिओचं घरचं मैदान. त्याचा डावा-मध्य भाग फार खोल होता, आणि उजव्या हाताचे फलंदाज बहुधा तिकडेच मारतात, म्हणून डिमॅजिओला मारक: घरी १४८ होम रन, बाहेर २१३. विल्यम्सची सरासरी फेनवेवर, म्हणजे त्याच्या घरच्या मैदानावर, .३६१, बाहेर .३२८. डिमॅजिओची बाहेरची .३३३! वॉक धरले की विल्यम्स बाहेरही पुढेच राहतो, पण निव्वळ सरासरीवर वाद घालणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

एमव्हीपी (हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू) पुरस्कार या तक्त्यात घालूच नका. ती पत्रकारांची मतं. १९४७ मध्ये विल्यम्सने ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन आणि आरबीआय तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवला, पुरस्कार मात्र डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१ गुणांनी. क्षेत्ररक्षणाचा रकाना वेगळा ठेवा: सेंटर फील्डला (डिमॅजिओची जागा) पळावं लागतं तेवढं लेफ्ट फील्डला (विल्यम्सची) लागत नाही, आणि फलंदाजीच्या आकड्यांत ते कुठेच उतरत नाही.