बॉट्युलिझमची विषबाधा कशी ओळखावी, काय करावे, कशी टाळावी

अन्नातून विषबाधा म्हटली की आपण उलट्या, जुलाब आणि ताप शोधतो. एका जिवाणूच्या विषाने होणाऱ्या बॉट्युलिझममध्ये ताप सहसा नसतो, माणूस पूर्ण शुद्धीत असतो आणि पोट बिघडेलच असेही नाही. म्हणून घरचे ‘थकवा असेल’ म्हणत एक रात्र जाऊ देतात. ती रात्र जाऊ देऊ नका.

१. आधी चेहरा पाहा

या विषामुळे मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, तोंडाला कोरड पडते, बोलणे अडखळते, घास घशाखाली उतरत नाही. मग अशक्तपणा मानेत, खांद्यांत, हातांत असा वरून खाली सरकतो आणि छातीचे स्नायू थकले की श्वास अडतो. पक्षाघातात बहुधा शरीराची एकच बाजू जाते. इथे दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या पडतात. लक्षणे साधारण १२ ते ३६ तासांत दिसतात, पण कधी काही तासांतच, तर कधी आठवडा उलटल्यावरही. त्यामुळे कालचेच नाही, मागच्या आठवड्याचेही खाणे आठवा.

तान्ह्या बाळाला आधी बद्धकोष्ठ होते. मग रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते.

२. थेट रुग्णालय गाठा

यावर घरगुती उपाय नाही. गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा पाजू नका, ते श्वासनलिकेत जाईल. संशयित अन्न उरले असेल तर डब्यासकट पिशवीत बंद करून सोबत न्या; चव घेऊन पाहू नका. तेच अन्न खाल्लेल्या इतरांना लगेच कळवा. आणि ‘बॉट्युलिझम असेल का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आजार दुर्मीळ आहे, चटकन सुचत नाही. विचारायला संकोच करू नका.

३. उपचार समजून घ्या

प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, मज्जातंतूंना आधीच जखडलेले विष मात्र सोडवत नाही. म्हणूनच दाट संशय असेल तर तपासणीच्या अहवालासाठी न थांबता ते देतात. पुढे काही आठवडे, क्वचित महिने, व्हेंटिलेटर लागू शकतो. रुग्णाला डोळे उघडता आले नाहीत तरी ऐकू येते, कळते. त्याच्याशी बोलत राहा. जखमेतून झालेल्या बॉट्युलिझममध्ये जखम साफ करून प्रतिजैविकेही देतात.

४. स्वयंपाकघरात काळजी घ्या

बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे टणक, सुप्त रूप, मातीत सगळीकडे असतात आणि नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. हवाबंद, आंबटपणा कमी असलेल्या अन्नात ते रुजतात आणि विष तयार होते. त्यामुळे भाज्या, मांस किंवा मासे घरी डबाबंद करायचे तर वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस तापमान हवेच. विष स्वतः उष्णतेने नष्ट होते, म्हणून घरचे डबाबंद अन्न खाण्याआधी १० मिनिटे खळखळून उकळा. तेलात बुडवलेला लसूण फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. डबा फुगलेला, गळका असेल किंवा उघडताना आतले उसळून आले तर टाकून द्या. वास चांगला आहे म्हणून विश्वास ठेवू नका. विषारी अन्नाला वास येतोच असे नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोटाच्या टोकाएवढाही नाही. त्यात बीजाणू असू शकतात, आणि ते मध उकळूनही जात नाहीत.