घरी ऑक्सिजन लावावा का? लावायचा तर कसा आणि किती?

२०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत धावपळ करून विकत घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीतून देणारी यंत्रे, आज अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत आणि घरातल्या वयस्कर माणसाला जिना चढताना धाप लागली की कोणाला तरी त्याची आठवण होते. ‘प्राणवायूच तो, घेतला तर बिघडले कुठे?’ हा विचार त्यामागे असतो. घोटाळा थोडासा या नावातच आहे. नळीतून येणारा ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याला मात्रा आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि तेवढ्यावरच निरोगी माणसाच्या रक्तातले, ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन त्याने ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून जे साधते तेच येथे साधते.

म्हणून आधी मोजावे. हिमोग्लोबिन किती टक्के भरले आहे, हे बोटावर लावायचा ऑक्सिमीटर दाखवतो. तो लावण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, हात गार असतील तर चोळून ऊबदार करावेत, नखांवरचा रंग काढावा आणि आकडा स्थिरावल्यानंतरच तो लिहून ठेवावा. सलग काही दिवस दिवसातून दोनदा केलेली नोंद एका आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. मात्र हे यंत्र फसवू शकते. रक्तक्षय झालेल्या बाईला ९८ चा आकडा दिसेल आणि तरीही तिला धाप लागेल, कारण तिच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिनच कमी असते. तिला बहुधा लोहाची गरज असते, नळीची नव्हे. बंद खोलीतल्या शेगडीचा किंवा न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनला, तरीही बोटावरचा आकडा चांगलाच दिसतो.

विश्रांतीच्या वेळीही आकडा ८८ किंवा त्याहून खाली राहत असेल तर छातीरोगतज्ज्ञांकडे जावे. अचानक धाप वाढली, ओठ निळे पडले किंवा माणूस गुंगीत गेला, तर नोंदी करत न बसता थेट रुग्णालय गाठावे. तज्ज्ञ मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासणी करतात आणि आजार स्थिर असताना ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर पारा किंवा त्याहून कमी आढळला, तर दीर्घकालीन ऑक्सिजन सुचवतात. बिडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने फुप्फुसे झिजलेले, सीओपीडी या दीर्घकालीन फुप्फुसविकाराचे रुग्ण यात प्रामुख्याने असतात. अशा रुग्णांचे आयुष्य ऑक्सिजनने वाढते, याचा पुरावा पक्का आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ रुग्णांपैकी १९ दगावले, तर न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. याउलट, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, ज्यांचा ऑक्सिजन थोडासाच कमी होता अशा ७३८ रुग्णांना त्याचा आयुष्यासाठी काहीही फायदा दिसला नाही. माझ्या मते उसना कॉन्सन्ट्रेटर आणण्यापूर्वी घरातल्यांनी हे दोन निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

ऑक्सिजन सुचवला गेला, तर तास नेमाने पाळावे लागतात. धाप लागली की दहा मिनिटे नळी लावणे म्हणजे उपचार नव्हे. झोपेचे आठ तास धरून दिवसाचे १५ तास भरणे फारसे अवघड नाही; २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत २४ तासांचा १५ तासांपेक्षा अधिक लाभ आढळला नाही, तेव्हा रुग्णाला दिवसभर खाटेला जखडून ठेवण्याचे कारण नाही.

दर मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा, हा यंत्रावरचा आकडा डॉक्टरांनी लिहून दिलेलाच ठेवावा. ‘जास्त दिला तर लवकर बरे वाटेल’ ही समजूत सीओपीडीत घातक ठरते, कारण काही रुग्णांच्या रक्तात जादा ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके दुखणे, दिवसा झोप अनावर होणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णांसाठी ऑक्सिमीटरचा आकडा साधारणपणे ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. तो ९९ वर नेण्याचा अट्टहास धरू नये.

माळ्यावरचा जुना कॉन्सन्ट्रेटर तंत्रज्ञाकडून शुद्धता मोजून घेतल्याशिवाय वापरू नये, कारण त्यातला हवेतील नायट्रोजन अडवणारा झिओलाइट नावाचा पदार्थ दमट हवेने निकामी होतो, यंत्र घरघरत राहते आणि नळीतून जवळजवळ साधी हवाच येते. यंत्र भिंतीपासून थोडे दूर ठेवावे, जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवावी, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी घालून ते रोज बदलावे. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर हाताशी असावा.

सर्वांत मोठा धोका आगीचा आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण कपडे, केस, अंथरूण यांना लागलेली आग तो भडकवतो. देवघरातले निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी नळीपासून किमान तीन मीटर दूर हवी. नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन चोळू नये, पाण्यात विरघळणारे मलम विचारून घ्यावे. त्या खोलीत कोणीही बिडी ओढू नये. रुग्णाची बिडी सुटलेली नसेल, तर डॉक्टर घरी ऑक्सिजन द्यायला नकार देऊ शकतात आणि मला तो नकार योग्यच वाटतो.

रुग्णालयातून घरी येताना ऑक्सिजन सुरू केला असेल, तर दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. तोवर फुप्फुसे सावरल्यामुळे अनेकांना त्याची गरज उरलेली नसते आणि भाड्याने आणलेला कॉन्सन्ट्रेटर परत करता येतो.