खांदेरी-उंदेरीला आपली होडी करून जायचंय? सुट्टी नाही, आधी तिथी बघा

बेटं म्हटलं की मुंबईकरांना अंदमान नाहीतर मालदीव आठवतं. इथे अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं दिसतात, दोन्हीवर किल्ले, आणि सकाळी निघून दुपारी जेवायला परत किनाऱ्यावर येता येतं. आम्ही आत्तापर्यंत चारदा गेलोय, कधी मित्रमंडळी कधी घरचे, दर वेळी पूर्ण होडी फक्त आपल्यापुरती ठरवून. ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी दिवस ठरवा, आणि तो ऑफिसच्या सुट्टीवरून नाही, कालनिर्णय बघून. पहिल्यांदा आम्ही नुसता रविवार बघितला होता, आणि त्या दिवशी निघाली अष्टमी. परत आलो ते बरोबर बारा वाजता, भर ओहोटीला. होडी किनाऱ्यापासून लांबच टेकली, पुढे सगळा चिखल. आई सहासष्ट वर्षांची, साडी वर खोचून दादाचा खांदा धरून एकेक पाय उपसत चालत होती आणि भाच्याच्या तळव्याला कालवाची शिंप चांगलीच लागली. तेव्हापासून मी तिथी बघितल्याशिवाय कोणाला हो म्हणत नाही.

हिशोब सोपा आहे, कोळीवाड्यात कोणीही सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी, बाराला, ओहोटी. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं म्हणून मोबाईलवर मुंबईचं भरतीचं टाइमटेबल पण बघून घ्या. आपल्याला सकाळी आठ ते दहाच्या मधे भरती हवी, म्हणजे एकादशी ते त्रयोदशी. महिन्यात दोन पक्ष असतात, त्यामुळे एखादा शनिवार नाहीतर रविवार बहुतेक मिळतोच. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, लहान मुलं असतील तर मी टाळते.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विचारच करू नका, जून-जुलैत तर यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते आणि नारळी पौर्णिमा झाली तरी समुद्र लगेच शांत होत नाही. थंडीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, तेव्हा पाणी अगदी तेल ओतल्यासारखं असतं. दुपारी वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो आणि लाटा उठतात, म्हणून साडेबारापर्यंत परतीला लागायचंच. आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा, दोन्ही फुकट आहे.

आता होडी. फोनवर ठरवताना पैसे माणशी की पूर्ण होडीचे हे आधी विचारा, मग दोन्ही बेटं धरलीत का, बेटावर थांबायचा वेळ किती, डिझेल त्यातच का, आणि समुद्र खवळला म्हणून निघालोच नाही तर ॲडव्हान्सचं काय. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे होडीला प्रवासी नेण्याचा मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का, किती माणसांचा आहे, आणि तेवढी लाइफ जॅकेटं, मुलांच्या मापाची धरून, आहेत का. एकदा ठरलेली होडी आली तर आत आमच्याशिवाय आणखी सात जण बसलेले, जॅकेटं मोजून सहा. आम्ही चढलो नाही, दिवस गेला, ॲडव्हान्स गेला, मुलं रडली, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, ते आपल्या डोळ्यासमोर आहे. जॅकेट घालायचं, बक्कल लावायचं आणि उतरेपर्यंत काढायचं नाही. उकडतं, मान्य आहे.

खांदेरी बेट मुंबई पोर्टच्या ताब्यात आहे, त्यामुळे सध्या उतरू देतात का, परवानगीचं काय, हे पण होडी ठरवतानाच तांडेलला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारून ठेवा.

मुंबईहून थळला पोचायला गेटवेहून मांडव्याची लाँच आणि पुढे रिक्षा, किंवा गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. पण आठला होडीत बसायचं तर आदल्या रात्रीच थळ किंवा अलिबागला मुक्काम करा, पहाटे धावपळ करून आलेल्या माणसालाच होडी लागते. होडी लागण्याचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, रिकाम्या पोटी बसू नये आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी, मोबाईलमध्ये नाही.

क्रम असा ठेवा, आधी उंदेरी मग खांदेरी. उंदेरी किनाऱ्याला जवळ, पण तिथे धक्का नाही, खडकावरच उतरायचं, ते पाणी भरलेलं असताना सोपं जातं. उतरायचं की नुसती फेरी मारायची हे तांडेलवर सोडा, तो नको म्हणाला तर नकोच, हट्ट करू नका. पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत, खडकांवर सगळी कालवं असतात. खांदेरीला धक्का आहे, तिथे पाणी थोडं ओसरलं तरी चालतं.

खांदेरीला दीड-दोन तास द्या. १६७९ साली शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी कामावर होते, आणि मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रज गलबतं घेऊन आडवे आले. आपल्या लहान होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून थळहून सामान पोचवत राहिल्या. आपण ज्या पाण्यातून येतो तेच हे पाणी, मुलांना होडीतच सांगा, मग तटावर चढताना ती वेगळ्या डोळ्यांनी बघतात. पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावून तिथे किल्ला उभा केला. खांदेरीवर चाकांच्या गाड्यावरच्या तोफा अजून आहेत, १८६७ चा दीपस्तंभ आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत हा एक. एक मोठा दगड आहे, त्यावर छोट्या दगडाने हलकेच ठोकलं की भांड्यावर वाजवल्यासारखा टण् आवाज येतो. भाचा तिथून हलायलाच तयार नव्हता. वेताळाचं देऊळ कोळी बांधवांचं श्रद्धास्थान आहे, चपला बाहेर काढा, आरडाओरडा नको, आणि बेटावर दारू तर अजिबात नको.

बेटावर विकत काही मिळेल असं धरून चालू नका. माणशी दोन लिटर पाणी, टोप्या, सुके कपडे, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी, खायला पराठे, केळी, चिक्की. एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी उत्तम, थंड झाली तरी खाता येते. कचऱ्याची पिशवी वेगळी घ्या आणि ती भरून परत आणा.

परत येताना ओहोटी सुरू झालेली असते, थोडं पाण्यातून चालावं लागेलच, म्हणून पँट गुडघ्यापर्यंत वर जाणारी घाला. तांडेलचे राहिलेले पैसे रोख जवळ ठेवा. आणि थळला सुका जवळा किंवा बोंबील घेणार असाल तर पिशवीवर पिशवी घालून घट्ट बांधा, लाँचमध्ये शेजारी कोण बसेल सांगता येत नाही.