खिळा ठोकायच्या आधी

नागपूरच्या महाल भागात माझं फ्रेमांचं छोटं दुकान आहे. चित्रकार फ्रेमा न्यायला येतो आणि जाता जाता म्हणतो, "भाऊ, उद्या लावायलाही या ना." असं करत करत वीसेक वर्षं लोकांची प्रदर्शनं लावतोय. पहिल्यांदा लावणाऱ्यासाठी हे लिहितोय.

हॉलवर पोचल्याबरोबर हातोडी काढू नका. सगळी चित्रं भिंतीच्या पायथ्याशी टेकवून ठेवा आणि चहा घेऊन या. परत आल्यावर आधी शेजार बघा, कारण निम्मा अर्थ शेजारच देतो.

एका मित्राची जलरंगातली चौदा चित्रं लावत होतो. त्यातल्या एकात अंगणात रिकामी बाज होती, बाकी काही नाही. मी ती एका म्हाताऱ्याच्या व्यक्तिचित्राशेजारी लावली. दोन्हींचे रंग मातकट, मला जोडी बरी वाटली. पहिल्याच दिवशी एक बाई हळूच म्हणाल्या, "गेले का हो बाबा?" दुसऱ्याने तर मित्राचा हात हातात घेतला. मित्र वैतागला. "अरे, ढेकूण झाले होते म्हणून बाज उन्हात टाकली होती आम्ही!" संध्याकाळी तीच बाज उचलून गच्चीवरच्या पापडांच्या चित्राजवळ नेली. दुसऱ्या दिवशी लोक तिच्यासमोर हसत उभे, आपापल्या घरचं वाळवण सांगत. चित्रावर ब्रशचा एक फटकाराही वाढवला नव्हता.

शेजाराची ही ताकद मोठ्या माणसांनी जाणूनबुजून वापरली आहे. भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र 1982 साली उघडलं, तेव्हा तिथल्या रूपंकर संग्रहालयात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी कलाकारांचं काम शहरी चित्रकारांच्या बरोबरीने मांडलं. गोंड चित्र हस्तकलेच्या दालनात एक दिसतं, आधुनिक चित्राच्या रांगेत वेगळंच.

आता उंची. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवा. फ्रेमच्या वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो. लहानमोठी चित्रं असली की तो टाळा, मध्य जुळवा. हिशोब असा: मध्य 148, फ्रेम 60 उंच, म्हणजे वरची कड 178 वर. फ्रेममागची दोरी ताणल्यावर ती वरच्या कडेपासून 8 खाली येते. खिळा 170 वर. दोरी हाताने ताणूनच मोजा, सैल दोरी फसवते. शाळकरी मुलं येणार असतील तर सगळं थोडं खाली घ्या.

दोन चित्रांत वीतभर तरी जागा सोडा. "एवढी भिंत रिकामी काहून ठेवली?" असं विचारणारा भेटतोच. त्याला हो म्हणा आणि ठेवा रिकामी. गर्दीने चित्राची किंमत उतरते. 1937 साली म्युनिकमध्ये नाझींनी आधुनिक कलेची बदनामी करायला प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यांनी हेच हत्यार वापरलं: चित्रं दाटीवाटीने, काही वाकडीतिकडी टांगली आणि भिंतींवर टिंगलीची वाक्यं रंगवली. म्हणून पाटी लिहिताना हात आखडता घ्या. नाव, माध्यम, आकार, साल, बस्स. "आईच्या आजारपणात काढलेलं" असं लिहिलंत की लोक चित्रात आजारपणच शोधत बसतात.

दिव्यांचं थोडक्यात. झोत वरून तिरपा पाडा, सरळ समोरून नको. नाहीतर काचेत चित्राऐवजी बघणाऱ्याचं तोंड दिसतं. जलरंगाला 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेड पुरे, जास्त उजेडात रंग उडतो. मोबाईलवरचं मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं.

आणि आपल्या नागपूरचं खास: कूलर. एका मे महिन्यात हॉलवाल्याने मोठा कूलर नेमका जलरंगांच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि मीही बघून काही बोललो नाही, कारण मलाच उकडत होतं. तिसऱ्या दिवशी पाच चित्रांचे कागद काचेआड पापडासारखे फुगले होते. लोक मात्र जवळ जाऊन बारकाईने बघत होते. एकाने विचारलं, "हे लाटांचं टेक्स्चर कसं आणलं?" त्या पाचही फ्रेमा मी नंतर फुकटात खोलून पुन्हा बांधल्या.