ईमेल पाठवणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे

रत्नागिरी परिसरातील काही आंबा बागायतदारांचे ग्राहकांना जाणारे ईमेल मी सांभाळतो आणि त्यातले बरेचसे काम आता एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेले काम स्वतः सॉफ्टवेअर चालवून करणाऱ्या एआयकडून, करून घेतो. एका मार्चअखेरीस, अढीतला पहिला आंबा तयार होत आला असताना, ‘पुण्याच्या ग्राहकांसाठी पहिल्या पेट्यांचे ईमेल तयार कर’ असे मी एजंटला सांगितले. ते ईमेल तयार होऊन थांबले नाही. ते यादीतल्या प्रत्येकाला गेले. पेट्या मोजक्याच होत्या आणि नागपूरपासून मुंबईपर्यंतच्या ग्राहकांना ‘थोडे थांबा’ असे फोन करण्यात बागायतदाराचे दोन दिवस गेले.

एजंट सॉफ्टवेअरमधले एकेक काम ज्या सोयीमार्फत करतो तिला ‘टूल’ म्हणतात. इथे वापरलेल्या टूलच्या वर्णनात एवढेच लिहिले होते: ‘नवीन कॅम्पेन (एका वेळी अनेकांना जाणारे ईमेल) तयार करते.’ वेळेचा रकाना रिकामा सोडला तर ईमेल लगेच जाते आणि यादीचा रकाना रिकामा सोडला तर ते सर्वांना जाते, हे कुठेच नव्हते. एजंटला सॉफ्टवेअरचा पडदा किंवा आतला कोड दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने (एआयला टूल जोडण्याची एक सामाईक पद्धत) टूल जोडलेले असो वा अन्य पद्धतीने, कोणते टूल वापरायचे हे एजंटमागचे एआय मॉडेल त्याचे नाव, वर्णन आणि भरायच्या रकान्यांची माहिती एवढ्यावरूनच ठरवते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी, केवळ स्वतःचा पत्ता असलेली एक चाचणी यादी करावी आणि प्रत्येक टूल त्या यादीवर स्वतः चालवून पाहावे. एकेक रकाना मुद्दाम रिकामा ठेवावा आणि काय घडते ते टिपून घ्यावे.

त्यानंतर वर्णन लिहावे. टूल काय करते, ते केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये आणि केलेले मागे घेता येते का, या चारही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. वरचे वर्णन मी पुढीलप्रमाणे बदलले: ‘दिलेल्या यादीसाठी कॅम्पेन तयार करते. वेळ दिली नाही तर ईमेल त्याच क्षणी जाते आणि ते परत घेता येत नाही. वापरकर्त्याने केवळ मजकूर किंवा मसुदा मागितला असेल तर हे टूल वापरू नये. मसुदा जपून ठेवणारे टूल वापरावे. यादी सांगितलेली नसेल तर आधी विचारावे.’ वर्णन लांबले म्हणून बिचकू नये. नेमकी चूक टाळणारे एक वाक्य अधिक असणे केव्हाही बरे.

पुढे प्रत्येक रकान्याकडे वळावे. इथे सर्वात जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. ‘यादी’, ‘सेगमेंट’ (निकष लावून निवडलेला गट) आणि ‘टॅग’ (ग्राहकाच्या नावाला जोडलेली खूण) हे शब्द आपल्याला सारखेच वाटतात, पण आमच्याकडे ‘पुणे’ नावाची यादी म्हणजे तिथल्या प्रदर्शनात पत्ता दिलेले लोक आणि ‘पुणे’ हा टॅग म्हणजे ज्यांची पेटी तिथे पोहोचवायची ते ग्राहक. हा फरक वर्णनात लिहिल्याशिवाय एजंटला कळण्याचा मार्ग नाही. वेळेचेही तसेच आहे. सॉफ्टवेअर जागतिक वेळ (यूटीसी) धरत असेल आणि आपण नुसते ‘सकाळी ९’ दिले, तर ईमेल आपल्याकडे दुपारी २:३० वाजता पोहोचते. म्हणून वर्ष-महिना-दिवस हा क्रम आणि भारतीय वेळेचा +०५:३० हा फरक, दोन्ही उदाहरणासह लिहावेत.

ग्राहक जोडणाऱ्या टूलच्या वर्णनात, अनसबस्क्राइब केलेला, म्हणजे ‘यापुढे ईमेल नकोत’ असे कळवलेला, पत्ता पुन्हा जोडू नये, हे स्पष्ट लिहावे. दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले असून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे. आपला पसारा त्याहून लहान असला, तरी नको म्हणणाऱ्याला पुन्हा ईमेल पाठवणे ही त्या माणसाच्या शब्दाची अवहेलना आहे. अहवाल देणाऱ्या टूलमध्येही एक सूचना हवी: ॲपलच्या मेल ॲपमधील २०२१ पासूनच्या गोपनीयता सोयीमुळे ईमेल न वाचताही ते ‘उघडले’ असे नोंदले जाऊ शकते, तेव्हा एजंटने निष्कर्ष ईमेलमधल्या लिंकवरील क्लिकवरून काढावा.

काही चुकले की टूलकडून एजंटला येणारा संदेशही वर्णनाचाच भाग समजावा. नुसते ‘त्रुटी ४००’ (विनंतीत चूक आहे, एवढेच सांगणारा आकडा) वाचून एजंट तेच टूल पुन्हा चालवतो. ‘यादी सापडली नाही, आधी याद्या दाखवणारे टूल वापरा’ असे वाचले तर तो योग्य वाटेला लागतो.

शेवटी बागायतदार बोलतात तशी दहा-पंधरा वाक्ये लिहून काढावीत, जसे ‘उद्या पेट्या निघतायत, पुणेकरांना कळवून टाका’, आणि ती चाचणी यादीवर एजंटला देऊन तो कोणते टूल निवडतो व काय भरतो ते पाहावे. वर्णनातला एक शब्द बदलला तरी ही सगळी वाक्ये पुन्हा द्यावीत. मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. आमच्याकडे आता प्रत्यक्ष पाठवण्याआधी यादीचे नाव आणि एकूण पत्त्यांचा आकडा बागायतदाराच्या फोनवर येतो आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय सॉफ्टवेअर ईमेल सोडत नाही.