पद्मिनीला इलेक्ट्रिक पंखा बसवताना

मे महिन्यातल्या शनिवारी वाईहून पाचगणीला जायला मला सव्वा तास लागतो. एरवी हे बारा-तेरा किलोमीटर अर्ध्या तासाच्या आतच संपतात. पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि पहिल्या गिअरमध्ये चार गाड्यांएवढं अंतर सरकायचं, मग थांबायचं, असं वरपर्यंत चालू राहतं. अशाच एका दुपारी, हॅरिसन फॉली जवळ आली असताना, बाबांनी १९७८ साली घेतलेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीचं पाणी उकळलं. आई शेजारी बसली होती. बोनेटमधून वाफ बघून ती घाबरली, आणि त्या दिवशी मी ठरवलं की ही गाडी विकायची नाही, पण हा त्रासही पुन्हा होऊ द्यायचा नाही.

मी पाचगणीत शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. गाडीचं काम बाबांच्या हाताखाली आणि नंतर साताऱ्याच्या एका इलेक्ट्रिशियन काकांकडे बसून शिकले. खाली सांगितलेलं सगळं मी माझ्या गाडीवर केलेलं आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. इंजिनाचं गरम पाणी पुढच्या रेडिएटरच्या नळ्यांत निवतं, आणि त्या नळ्यांतून हवा ओढणारा पंखा वॉटर पंपाच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) पुलीवर बसवलेला असतो, फॅन बेल्ट त्याला फिरवतो. म्हणजे पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. रांगेत थांबलात, इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मंद वेगावर आलं, की पंखाही मंदावतो, आणि नेमकी तेव्हाच समोरून वारा येत नसतो. उलट महामार्गावर साठच्या वेगाने जाताना वारा आपसूक येतो, तिथे हा पंखा जोरात फिरून इंजिनाची ताकद खातो. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. इलेक्ट्रिक पंखा इंजिनाचा वेग बघत नाही, तापमान बघतो. घाटात आणखी एक गोष्ट आपल्या विरुद्ध असते. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे, तिथे साधं पाणी १०० अंशांऐवजी ९६ च्या आसपास उकळतं. म्हणून रेडिएटरच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग चांगली असायलाच हवी. सात पौंड दाबाचं (दर चौरस इंचाला) झाकण दाब धरत असेल तर उकळबिंदू अकरा-बारा अंशांनी वर सरकतो.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडी सपाट मोकळ्या रस्त्यावर, चांगल्या वेगात असतानाही तापत असेल तर पंखा बदलून उपयोग नाही. त्या वेगाला पंख्याची गरजच नसते. दोष रेडिएटरच्या नळ्यांत, थर्मोस्टॅटमध्ये (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेत), वॉटर पंपात, इग्निशनच्या टायमिंगमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. पंखा फक्त 'थांबल्यावर तापते, चालू लागल्यावर निवते' या दुखण्यावरचं औषध आहे. माझ्या रेडिएटरमध्ये कित्येक वर्षं बोअरचं जड पाणी भरलं गेलं होतं. मिस्त्रींनी वरची टाकी उकलली तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा नळ्या क्षारांनी बुजलेल्या निघाल्या. त्या सळईने साफ करून, टाकी पुन्हा डाग देऊन बसवल्यावरच निम्मा त्रास गेला. त्यानंतर शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन लवकर गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा, गॅस बारीक ठेवा. माझा ८२ अंशांना उघडायला लागतो. किती अंशांना उघडतो ते लिहून ठेवा, पुढे पंखा लावणारा थर्मोस्विच (ठरावीक तापमानाला जुळणारा स्विच) निवडताना हा आकडा लागतो.

दुसरी तयारी विजेची. माझ्या गाडीला वीज तयार करणारा जुना डायनॅमो होता, आणि डायनॅमो आयडलवर जवळजवळ काही देत नाही. आपल्याला पंखा हवा तो नेमका आयडलवर. हिशोब करून बघा: हेडलाइट नऊ अँपिअर, मागचे दिवे दोन, वायपर तीन, इग्निशन तीन-चार, त्यात पंख्याचे सात. रात्री पावसात पंचवीसच्या घरात जातं. डायनॅमोवर हे चालवलंत तर बॅटरी अर्ध्या घाटात हात वर करेल. मी आधी आतच रेग्युलेटर असलेला छोटा अल्टरनेटर (आयडलवरही पुरेशी वीज देणारा जनित्र) बसवून घेतला, डायनॅमोचा जुना कटआउट (त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा डबा) वायरिंगमधून काढला, आणि मग पंख्याकडे वळले. हा खर्च टाळता येत नाही. अल्टरनेटर परवडणार नसेल तर मूळ पंखाच ठेवा आणि त्याच्याभोवती पत्र्याचा श्राउड (हवा पंख्याकडे वळवणारं कडं) करून घ्या, त्यानेही बराच फरक पडतो.

पंखा मी मारुती ८०० चा घेतला, मोडीत निघालेल्या गाडीचा, मोटर आणि जाळीसकट. विकत घेताना बॅटरीला जोडून दोन मिनिटं चालवून बघा. बुशचा आवाज येतो का, हाताने फिरवल्यावर पातं डगमगतं का, हे बघा. डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर करंट मोजा. माझा सात अँपिअरच्या आतच राहिला, सुरू होताना क्षणभर बराच वर गेला. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला बसवायचा, म्हणजे तो हवा ओढतो. पुढे बसवलेला पंखा ढकलतो खरा, पण गाडी वेगात असताना तोच वाऱ्याच्या आड येतो. वायरी उलट जोडल्या तर मोटर उलट फिरते, पण पात्याचा बाक एकाच दिशेसाठी केलेला असतो. म्हणून ओढणाराच पंखा आणा, ढकलणारा आणून वायरी उलटवू नका. पातं फिरताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला पातळ कागद धरा. तो जाळीला चिकटला की दिशा बरोबर आहे.

जागा मोजताना घाई करू नका. जुना पंखा काढल्यावर रेडिएटरच्या जाळीपासून वॉटर पंपाच्या पुलीपर्यंत किती मोकळं आहे ते बघा. मोटरची पाठ आणि पुली यांच्यात मी वीस मिलिमीटर सोडले आहेत, कारण क्लच सोडताना इंजिन माउंटिंगवर हलतं. गाडी उभी असताना दहा मिलिमीटर पुरेसे वाटतात, पण चढावर पुरत नाहीत.

आता पुलीचे बोल्ट. जुना पंखा आणि पुली एकाच बोल्टांनी पंपाच्या हबवर आवळलेले असतात. पंखा काढला की तेवढी जाडी कमी होते आणि तेच बोल्ट लांब पडतात. मी आधी तेच परत आवळले. पाना घट्ट लागला, मला वाटलं काम झालं. प्रत्यक्षात बोल्ट आट्यांच्या शेवटाला टेकले होते आणि पुली सैलच होती. दुसऱ्या दिवशी खडखड आवाज आला म्हणून गाडी थांबवली, नाहीतर पुली निसटून बेल्ट, पंप आणि रेडिएटर तिन्ही गेले असते. पंख्याच्या जाडीएवढे आखूड, त्याच आट्यांचे, चांगल्या प्रतीचे बोल्ट आणा आणि खाली स्प्रिंग वॉशर घाला. फॅन बेल्ट मात्र राहणारच, कारण पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच चालतात. अंगठ्याने दाबल्यावर तो सेंटीमीटरभर दबला पाहिजे.

पंखा जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधायची एक पद्धत आहे. दहा मिनिटांत होते, पण गाडीच्या थरथरीने त्या पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि वर्षभरात तिथूनच गळती लागते. मी दोन आडव्या लोखंडी पट्ट्या रेडिएटरच्या बाजूच्या फ्रेमला बोल्टने बसवल्या, मध्ये रबरी बुश घातले, आणि पंख्याभोवती पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा श्राउड करून घेतला. श्राउड नसेल तर पंखा फक्त स्वतःच्या वर्तुळापुरती हवा ओढतो आणि जाळीचे चारही कोपरे रिकामे बसतात. पत्र्याच्या कडेला रबरी पट्टी लावा, म्हणजे फट राहणार नाही.

थर्मोस्विच कुठे बसवायचा यावर मी बराच विचार केला. वरच्या टाकीत बसवणं सोपं. पण पाणी थोडं कमी झालं की स्विच हवेत उघडा पडतो, त्याला खरं तापमान कळत नाही आणि पंखा लागतच नाही, तोही सगळ्यात गरज असताना. म्हणून मी खालच्या टाकीत बसवला. तिथे रेडिएटरमधून निवून आलेलं पाणी असतं, त्यामुळे आकडा कमी घ्यावा लागतो: माझा स्विच ८७ ला लागतो, ८२ ला सुटतो. त्या वेळी इंजिनमधून निघणारं पाणी साधारण ९४ अंशांना असतं. स्विच आधी विकत घ्या आणि त्याच्या आट्यांना बसेल असा पितळी बॉस (आटे असलेली जाड कडी) मिस्त्रींकडून टाकीला जोडून घ्या. एकाच वायरचा स्विच असेल तर तो बॉडीतून अर्थ (बॅटरीच्या मायनसकडचा परतीचा मार्ग) घेतो, त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. मी दोन पिनांचा घेतला आणि अर्थची वायर वेगळी ओढली. रेडिएटर रबरावर बसलेला असतो, त्याच्यावर अर्थसाठी विसंबायचं कशाला?

वायरिंगला मी पूर्ण एक दिवस दिला, तुम्हीही द्या. एका गॅरेजमध्ये आधी पंखा थेट डॅशबोर्डच्या साध्या बटणावर जोडून दिला होता. पंख्याचा सगळा करंट त्या बटणातून जात होता. तिसऱ्या आठवड्यात घाटातच ते बटण वितळलं आणि जळका वास आला. म्हणून रिले हवाच, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. तीस-चाळीस अँपिअरचा चार पिनांचा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिक दुकानात मिळतो, पिनांचे नंबर त्याच्या अंगावर असतात. बॅटरीच्या प्लसवरून चार चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत वीस अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून मोटरचा प्लस. मोटरचा मायनस तितक्याच जाड वायरने चेसिसला, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर. ८६ ला किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, छोट्या फ्यूजमधून. ८५ थर्मोस्विचकडे, आणि स्विचचं दुसरं टोक अर्थला. डॅशबोर्डवरचं बटण थर्मोस्विचला समांतर जोडा, म्हणजे स्विच बिघडला तर पंखा हाताने लावता येतो. या बटणातून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, ते तापत नाही. फ्यूज बॅटरीजवळच का? वायर मध्ये कुठे घासून पत्र्याला लागली तर आग बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्यातच लागू शकते, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा.

रिलेच्या ८७ नंबरवरून एक छोटा दिवाही डॅशबोर्डवर घेतला आहे. पण तो लागला म्हणजे पंख्याकडे करंट गेला, एवढंच कळतं. मोटर जळालेली असली तरी दिवा लागेल. म्हणून मी पाण्याच्या तापमानाचा वेगळा मीटर लावला, आणि घाटात माझी नजर त्याच्यावर असते.

पंखा किल्ली काढल्यावरही फिरत राहावा असं काहींना वाटतं. इंजिन बंद झालं की वॉटर पंपही थांबतो, मग पंखा रेडिएटरमधलंच पाणी गार करत राहतो आणि बॅटरी उतरते. गाडी फार तापली असेल तर बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलवर उभी ठेवा.

चाचणी अंगणात करा. झाकण इंजिन थंड असतानाच उघडा, पाणी भरा, इंजिन सुरू करून हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पातळी बघत राहा, मग झाकण लावा. पंखा लागेपर्यंत माझ्या अंगणात एप्रिलच्या उन्हात चौदा मिनिटं लागली. तो लागावा, काटा खाली यावा, पंखा सुटावा, परत लागावा, असं चार वेळा होऊ द्या. पंखा एकदा लागून सुटतच नसेल तर स्विचचा आकडा थर्मोस्टॅटच्या मानाने फार खाली आहे, किंवा रेडिएटर अजून बुजलेला आहे. पंखा चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं मोटरच्या प्लसवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर कुठेतरी जोड कच्चा आहे. तसंच मायनसच्या बाजूला करा. माझ्याकडे मायनसलाच पाऊण व्होल्ट निघाला. अर्थच्या लगखाली (वायरच्या टोकाच्या कडीखाली) रंग राहिला होता.

आता शनिवारच्या रांगेत काटा ९५ च्या वर जात नाही. पंखा लागल्याचा घूं असा आवाज आईलाही ओळखू येतो. जुना पंखा, त्याचे लांब बोल्ट, त्यांना लागणारा पाना, एक जादा रिले आणि दोन फ्यूज हे सगळं कापडात गुंडाळून डिकीत ठेवलेलं आहे. वाटेत मोटर गेली तर इंजिन निवल्यावर इलेक्ट्रिक पंखा काढून तो बसवायला मला चाळीस मिनिटं लागतात. घरी दोनदा करून बघितलं आहे.