थंड पाण्यातल्या बुडालेल्या ट्रॉलरवर उतरायचंय? आधी जाळ्याचं बघा

मी वर्सोवा कोळीवाड्यातला. घरचा धंदा मासेमारीचा, त्यामुळे बुडालेली बोट दिसली की माझी नजर आधी जाळं शोधते. तुम्हीही तेच करा. बोट कुजते, पण नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि गढूळ पाण्यात ते हाताला लागेपर्यंत दिसतही नाही.

आपल्या मुंबईचं पाणी हिवाळ्यातही वीस अंशांच्या वर असतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ते भर उन्हाळ्यातही 13-14 च्या आसपास. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा पोशाख, हवाच, आणि तो वापरायचं रीतसर प्रशिक्षण आधी घ्या.

खरी अडचण बोटांची होते. जाड हातमोज्यांत साधी क्लिपसुद्धा लागत नाही. निघण्याआधी घरीच सराव करा: बंदरावरून बर्फ आणा, बादलीत पाणी घालून हातमोज्यांसकट हात बुडवा आणि बोटं बधिर झाली की डोळे मिटून लाइन कटरने नायलॉनची दोरी कापा. उजव्या हाताने जमलं की डाव्याने. कटर छातीवर लावा, दोन्ही हात पोचतील असा. पायाला बांधलेला सुरा कामाचा नाही, कारण बहुतेकदा अडकतो तो पायच.

दहा अंशांखाली रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र, थंड पाण्यासाठी बनवलेलाच घ्या. पाण्यावर असताना त्यातून उगाच श्वास घेऊ नका, सूटमध्ये हवाही थोडी थोडीच सोडा. हवा जोरात सुटली की फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला जोडलेला भाग, गारठतो, गोठतो आणि हवा धो धो वाहायला लागते.

20 मीटरवर दाब तिप्पट, हवाही तिप्पट लागते. टाकीतली एक तृतीयांश हवा जायला, एक परतायला, एक राखीव. 200 बारची (बार हे दाबाचं माप) टाकी 135 वर आली की मागे फिरा.

जाळ्यात अडकलात तर थांबा. गोल फिरू नका, फिरलात की आणखी गुंडाळले जाल. आलात त्याच वाटेने हळू मागे सरका, जोडीदाराला खूण करा, त्याला कापू द्या. केबिनमध्ये किंवा बर्फाच्या खणात शिरूच नका. तोंड मोठं दिसतं, पण फिनच्या (पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पात्याच्या) एका फटक्यात सगळा गाळ उठतो.

वर आल्यावर कोरडे कपडे, लोकरीची टोपी, गरम चहा. कढत पाण्याने लगेच अंघोळ मात्र टाळा, कारण अंग अचानक तापलं की विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो.